साडेसहाशे शब्दांत आबा गेले

माणूस मारायला किती शब्द लागतात, माहितीये? साडेसहाशे. त्याच्या वर एक जरी शब्द गेला तर वेबसाइट घेत नाही.

माझे आजोबा त्याच्या दोन शब्द आधीच गेले. ते उरलेले दोन शब्द 'माफ करा' लिहायला वापरायला हवे होते, पण तेव्हा कुठं सुचतं!

तुम्ही चहा घ्या, मी सांगतो सगळं. फक्त मध्येच "अरे, मग तू तेव्हाच बोलला का नाहीस?" असं विचारायचं नाही. तो प्रश्न मला घरात, गल्लीत, समाजाच्या मीटिंगमध्ये आणि न्हाव्याच्या खुर्चीत विचारून झालाय. खुर्चीत विचारला तेव्हा वस्तरा गळ्यावर होता, त्यामुळं तिथं मी सगळ्यात प्रामाणिक उत्तर दिलं.

तर बारावी झाली आणि मला एक युनिव्हर्सिटी आवडली. दिल्लीच्याही पलीकडं. कॅम्पसमध्ये तळं, तळ्यात बदकं. तळं म्हटलं तर पाणी आमच्या सुरतच्या बमरोलीतही आहे, पण ते खाडीचं, आणि मिलमध्ये त्या दिवशी जो कलर चालू असेल त्याच रंगाचं. बदक उतरलं तर पोपट होऊन बाहेर येईल.

त्या युनिव्हर्सिटीत फी माफ होत होती. अट एकच. मार्क बिर्क ठीक आहेत, पण एक निबंध पाहिजे. 'तुम्हाला घडवणारा प्रसंग लिहा.' निबंध आवडला तर तळं. नाही आवडला तर मामानं रिंग रोडच्या मार्केटात माझ्यासाठी बोलून ठेवलंच होतं. साड्यांच्या घड्या घालायच्या. मामाला माझी फार काळजी. "घडी शिकला की लाइनला लागला," असं तो मला सहावीपासून सांगतोय.

आता मला घडवणारा प्रसंग कुठून आणू? माझ्या आयुष्यात काही घडलेलंच नाही. पप्पा डाईंगच्या मिलमध्ये कलर मास्टर. मम्मी घरी. आबा, म्हणजे पप्पांचे वडील, आमच्याच बरोबर. सगळे वेळेवर जेवतात. घरात एसी आहे. अशा घरातून निबंध कसा निघणार?

तरी मी एक लिहिला. आबांवर. खराखुरा. आबा ओट्यावर मेंढीकोट खेळताना पत्ते कसे चोरतात, चोरलेला पत्ता टोपीत कसा ठेवतात, आणि ती कला त्यांनी मला कशी शिकवली. म्हटलं, वारसा आहे, संस्कार आहेत, अजून काय पाहिजे?

तो घेऊन वेसूला, सुरतच्या पॉश भागात गेलो. तिथं एक मॅडम निबंध तपासून देतात. एसी इतका थंड की निबंध वाचायच्या आधीच माणूस गंभीर होतो.

मॅडमनी वाचला. चष्मा काढला.

"बेटा, आ तो बहु हॅपी छे."

"हो मॅडम."

"स्ट्रगल क्यां छे?"

"स्ट्रगल नाहीये मॅडम."

"बधाने होय, सबको होता है! पप्पा दारू पीते हैं?"

"नाही."

"कर्जा? बीमारी?"

"ॲसिडिटी आहे."

मॅडमनी खरंच विचार केला हो. मग मान हलवली. "ॲसिडिटी नहीं चलेगा. ये दादाजी… उमर कितनी?"

"ऐंशीला टेकलेत."

मॅडम माझ्याकडं नुसत्या बघत राहिल्या. मार्केटात व्यापारी गाठोडं न सोडता आतला माल ओळखतो ना, तसं.

"मैंने कुछ नहीं बोला," त्या म्हणाल्या. "तू सोच. और एक बात. पहली लाइन में रीडर का हाथ पकड के सीधा अंदर ले जाने का. आज, अभी, इसी वक्त. 'दो साल पहले' लिखा तो वो सो जाएगा."

आबा नेमके तेव्हा गावाला गेले होते, शिंदखेड्याकडं, कुणाच्या तरी लग्नाला. घरात असते तर माझा हात धजावला नसता. इंग्लिश त्यांना येत नाही, पण लिहिणाऱ्याच्या मागं उभं राहून "हं… हं…" करायची त्यांना सवय आहे.

त्यामुळं मैदान मोकळं होतं. मी लिहिलं: 'आज पहाटे माझ्या आजोबांनी माझ्या मांडीवर डोकं ठेवून शेवटचा श्वास घेतला. बाहेर यंत्रमागाचे लूम चालू आहेत. खटाखट, खटाखट. आत एक लूम कायमचा बंद पडला.'

काय? आलं ना पाणी डोळ्यात? मला पण आलं.

पुढं मी कापसाच्या धुळीनं आबांची फुप्फुसं पोखरली. घरात भाकरी नाही, असं केलं. एक मिणमिणता दिवा ठेवला. खरं सांगायचं तर आबांची फुप्फुसं अशी आहेत की ते गल्लीच्या या टोकाला खोकले तर त्या टोकाचं कुत्रं उठून जागा बदलतं. आणि भाकरीचं म्हणाल तर घरात पहिली भाकरी त्यांना, दुसरीही त्यांना, आणि तिसरीच्या वेळी ते विचारतात, "आज जेवण लवकर संपनं का?"

संध्याकाळी निबंध पाठवला. पप्पा ड्यूटीवरून आले.

"काय लिखं रे?"

"आबांवर लिहिलंय पप्पा."

पप्पा उभेच राहिले. त्यांना भरूनच आलं. वर्षानुवर्षं ज्या पोराला आळशी म्हटलं तो आज्यावर निबंध लिहितो! "माले धाड बरं," म्हणाले.

मी पाठवला. का पाठवला? कारण पप्पांचं इंग्लिश म्हणजे कलरच्या डब्यांवरचं. डब्यावर डेंजर लिहिलेलं असलं तर तेवढं त्यांना वाचता येतं. चूक माझीच. निबंधावर वर तसं लिहायला हवं होतं.

आता नीट ऐका.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पाळीला जाताना पप्पांनी तो निबंध आमच्या खान्देशी समाजाच्या ग्रुपवर टाकला. बमरोली, पांडेसरा, चलथाण, बारडोली, सगळीकडची आमची माणसं त्या ग्रुपवर. वर पप्पांनी लिहिलं: 'आबांबद्दल चि. चेतनने लिहिले आहे. सर्वांनी अवश्य वाचावे.' आणि फोन मिलच्या लॉकरमध्ये ठेवून ते आत गेले. कलरच्या खात्यात फोन चालत नाही.

आमच्या गल्लीत युवराज काका राहतात. समाजाचे सेक्रेटरी. काकांकडं लग्नाचा मांडव, मयताचं सामान आणि मतदार याद्या एकाच कपाटात असतात. त्यांनी निबंधाची पहिली ओळ फोनकडून मराठीत करून घेतली. पहिलीच! पुढची करायची गरज काय? 'आज पहाटे आजोबांनी शेवटचा श्वास घेतला.' काकांनी लगेच ग्रुपवर टाकलं: 'अत्यंत दुःखद. आबा गेले. सर्वांनी बमरोलीला यावे.'

त्यानंतर निबंध कोण वाचतो? खाली नुसते हात जोडलेले. हातांवर हात, हातांवर हात. एकानं सवयीनं 'हार्दिक अभिनंदन' टाकलं, त्याला तिथंच बाहेर काढलं.

तुम्ही म्हणाल, एकानं तरी फोन करून विचारायचं! भाऊ, तुम्ही आमच्याकडचे दिसत नाही. मयताच्या घरी फोन लावून "खरंच गेले का हो?" असं विचारणाऱ्याशी आमच्यात कोणी सोयरीक करणार नाही. आमच्यात थेट दारावर यायचं. बाया गल्लीच्या कोपऱ्यापासून रडायला सुरुवात करतात, म्हणजे दारापर्यंत आवाज लागलेला असतो. पुरुष उपरणं तोंडावर घेऊन ओट्यावर बसतात. आणि कोणी काही विचारत नाही. काय झालं, कसं झालं, कुठं झालं, काही नाही. विचारणारा तो परका.

मी झोपलो होतो. निबंध लिहून दमायला होतं.

पहिला आवाज आला चलथाणच्या सुमनआत्याचा. आत्या म्हणजे आबांची भाची. तिचा आवाज तिथल्या साखर कारखान्याच्या भोंग्याला पर्याय म्हणून वापरता येईल.

"मना मामा वं! कथा चालना गया वं मना मामा!"

मम्मी कणीक मळत होती. ती तशीच बाहेर आली. आत्यानं तिला मिठी मारली, दोघींच्या मध्ये कणकेचा गोळा. आता मम्मीला काय माहीत होतं? आबा त्याच सकाळी गावाहून पॅसेंजरमध्ये बसलेत, एवढंच. ती समजली, गाडीतच काहीतरी झालं, आख्ख्या समाजाला कळलं, आणि सुनेला शेवटी सांगताहेत. तिनंही सूर लावला.

मग ती मला उठवायला आली. "चेत्या, ऊठ रे! आबा ग्यात रे!"

मी ताडकन उठून बसलो. मी काय म्हणून घाबरलो, सांगा? थाप पकडली गेली म्हणून? छे! मी विश्वास ठेवला!

काल लिहिलं आणि आज खरं झालं. माझ्या लिखाणात ताकद आहे असं बारावीच्या मॅडम म्हणायच्या, पण इतकी असेल असं वाटलं नव्हतं. मी रडलो. असा रडलो की सुमनआत्या थांबून बघायला लागली. स्वतःची थाप स्वतःच गिळून, वर त्यावर ढेकर म्हणून हुंदका देणारा सुरतेतला मी पहिलाच माणूस असेन.

बघता बघता ओटा भरला. युवराज काकांनी सतरंज्या टाकल्या, पाण्याचे जार मागवले, गाडीवाल्याला फोन केला, न्हाव्याला निरोप दिला. मग माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "चेतन, बॉडी कुठंय बेटा?"

"माहीत नाही हो काका!" मी आणखी जोरात रडलो.

काकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "पोरगं धक्क्यात आहे," म्हणाले. "दवाखान्यात ठेवली असेल." दोन पोरांना आबांचं नाव, नथ्थू, सांगून दवाखान्यात पाठवलं. थोड्या वेळानं त्यांचा फोन आला. काकांनी स्पीकर लावला.

"काका, इथं नथ्थू नावाचा एक जण आहे."

"मग ताब्यात घ्या ना!"

"पण तो तरुण आहे. पाय मोडलाय त्याचा. आणि आम्ही उचलायला गेलो तर शिव्या देतोय."

तेवढ्यात मिलमधल्या एकानं पप्पांना स्कूटरवर आणलं. कोपरापर्यंत निळे हात. सगळा ओटा उठला. दोघांनी धरलं, चौघांनी मिठी मारली, सगळ्यांचे पांढरे कपडे जागोजागी निळे झाले. पप्पांनी कुणाला काही विचारलं का? नाही! आपल्याच बापाचं मयत, आणि विचारायचं काय? रिवाज आहे ना!

त्यांना पाटावर बसवलं. न्हावी तयारच होता. पप्पांची मिशी तुम्ही बघितली नाही. दोन्ही टोकं वर. कलर मास्टरची मिशी, खात्यातले कारागीर मिशीकडं बघून रंग ठरवायचे. न्हाव्यानं दोन हातांत साफ केली. मग डोकं.

आणि मी दारात उभा राहून हुंदके देतोय, तर युवराज काका परत माझ्याजवळ आले.

"पण काय लिहिलंस रे पोरा!" त्यांनी फोन वर धरला. "बसल्या बसल्या आता बाकीचं पण मराठीत करून वाचलं. 'आत एक लूम कायमचा बंद पडला.' अरे, अशा वेळी असं सुचतं कसं तुला?"

माझा हुंदका अर्ध्यात अडकला.

"काका, हे तुम्हाला कुठं मिळालं?"

"ग्रुपवर. तुझ्या पप्पांनीच टाकलं."

"आणि आबा गेले हे कोणी सांगितलं?"

काका दयेनं बघायला लागले. "तूच सांगितलंस ना बेटा. पहिल्या ओळीत."

म्हणजे आबा जिवंत!

मला इतका आनंद झाला की मी हसलो. मग समोर पप्पा दिसले. गुळगुळीत. आधी मी पप्पांना ओळखलंच नाही. मला वाटलं, गावाकडून कोणी आलंय.

आता बोलायचं की नाही? बोललो, तर निबंध खोटा हे आख्ख्या समाजाला कळणार. मग पप्पा तो परत घ्यायला लावणार. म्हणजे तळं गेलं आणि साडीची घडी आली. आणि त्याच्या आधी न्हाव्याच्या हातातला वस्तरा पप्पांच्या हातात येणार. नाही बोललो, तर दुपारच्या गाडीनं मयत स्वतः येणार.

अशा वेळी हुशार मुलगा काय करतो? मी संडास-बाथरूममध्ये गेलो आणि आतून कडी लावली.

बाथरूमला एक खिडकी आहे, ओट्याच्या बाजूला. बादली उलटी करून मी तिच्यावर उभा राहिलो. आणि समोर बघतो तर शेअर रिक्षातून आबा उतरताहेत! पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी, हातात लग्नातल्या लाडवांची पिशवी.

त्यांनी गर्दी बघितली. बायांचा आवाज ऐकला. पप्पा दिसले, मम्मी दिसली, मी तेवढा दिसलो नाही. पिशवी हातातून खाली गेली.

आबांनी कुणाला विचारलं का, की काय झालं? तुम्हीच सांगा आता. एव्हाना तुम्हाला रिवाज पाठ झाला असेल.

त्यांनी उपरणं तोंडावर ओढलं आणि रांगेच्या शेवटी जाऊन बसले. स्वतःच्या मयताला! कोणी बघितलं नाही, कारण सगळ्यांच्याच तोंडावर उपरणं. शेजारी बारडोलीचे एक म्हातारे होते, त्यांना तसंही कमी दिसतं.

"वाईट झालं," म्हातारे म्हणाले.

"लई वाईट," आबा रडत म्हणाले.

"पण सुटला."

आबांची मान वर झाली. "सुटला? काय वय होतं त्याचं जायचं?"

"आता वय म्हणजे… झालंच होतं की हो. खाल्लं, प्यालं, सगळं बघून गेला."

"काय बघितलं त्यानं? परवा बारावी झाली त्याची!"

"बारावी? या वयात?"

"लग्न नाही, कार्य नाही…" आबा हमसून हमसून रडायला लागले.

बारडोलीच्या म्हाताऱ्यांनी जरा विचार केला. "लग्न नाही कसं? मग ही एवढी पोरं-नातवंडं कुणाची?"

आबांचं रडणं थांबलं. उपरणं खाली आलं.

"चेत्याले नातवंडं?"

आणि मग ते उभं राहून गल्ली हलवणाऱ्या आवाजात ओरडले, "कोन गयं ते सांगा रे माले!"

एकेक उपरणं खाली आलं. सुमनआत्याचं "मना मामा वं" चालूच होतं. तिनं मान वर केली. "मना मामा… मामा?" आणि तिथंच बसल्या जागी आडवी झाली. तिच्यावर पाणी मारलं, ते मयताच्या स्नानासाठी तापवलेलं होतं, त्यामुळं ती पटकन उठली.

युवराज काकांनी फोन काढला. माणूस कुठल्याही प्रसंगी व्यवस्था सोडत नाही. "हां, गाडी कॅन्सल करा. नाही, नाही, बॉडी मिळाली. हो. चालत आली."

आबांना त्याचं काही नव्हतं. ते घरात घुसले. "चेत्या कथा शे? मना चेत्या कथा शे?" मम्मीनं बोट दाखवलं असणार, कारण बाथरूमच्या दारावर धडाधड हात पडले.

"चेत्या! जित्ता शे का तू?"

"हो आबा."

"बाहेर ये!"

मी कडी काढली. आबांनी मला असं धरलं, असं धरलं, की माझा श्वास बंद. त्यांचं सगळं तोंड ओलं. मला काही विनोद सुचला नाही. तेवढ्यात त्यांच्या खांद्यावरून मला एक गुळगुळीत डोकं आमच्याकडं येताना दिसलं.

पुढचा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण तो पप्पांनी पण थोडक्यातच उरकला. थप्पड एकच, पण निळी. तीन दिवस उतरली नाही. पप्पा कलर पक्काच वापरतात.

मग ओट्यावर समाज बसला आणि युवराज काकांनी आबांना आख्खा निबंध मराठीत वाचून दाखवला. आबा लक्ष देऊन ऐकत होते.

"खोकला? माले?" त्यांनी खोकून दाखवलं. कुत्रं उठलं.

"घरमा भाकर नही? सूनबाई, पोऱ्या काय लिखस बघ!" मम्मीनं माझ्याकडं बघितलं. पप्पांच्या थपडेपेक्षा ते जास्त लागलं. तेव्हापासून ती मला पहिली भाकरी वाढताना मोठ्यानं म्हणते, "ही एक. लिखी ठेव."

पण खरं सांगू? आबा खूश होते. जिवंतपणी हे ऐकायला कुणाला मिळतं? पिशवीतले लाडू त्यांनी स्वतः ओट्यावर वाटले, आणि वाटताना हजेरी घेत होते. "सुमन, तू चांगली रडलीस. तू रे, तू रडला का नुसता बसला? आणि बारडोलीवाले, तुम्ही 'सुटला' म्हने?" बारडोलीवाल्यांना अर्धाच लाडू मिळाला.

शेवटी पप्पांनी निकाल दिला. मिशी नसल्यामुळं आवाज जरा वेगळा वाटत होता, पण निकाल पक्का होता. "त्या कॉलेजला आत्ताच्या आत्ता कळव, माझा बाप जिवंत आहे. खरं काय झालं ते लिही. मिळालं तर मिळालं, नाही तर मामाकडं."

मी बसलो आणि लिहिलं. पहिल्यांदा आयुष्यात एक शब्द खोटा नाही. ग्रुप, कणीक, मिशी, बाथरूम, आबा स्वतःच्या मयताला येऊन रडले ते, लाडू, सगळं. पाठवायच्या आधी वेसूच्या मॅडमना दाखवलं. त्या एवढंच म्हणाल्या, "बेटा, आ कोण मानशे?"

मी म्हटलं, खरं आहे म्हटल्यावर मानतीलच की. तेव्हा माझा खरेपणावर नवा नवा विश्वास बसला होता.

आणि फोन आला! युनिव्हर्सिटीतून. पप्पा ड्यूटीवर, मम्मी भाजीला. घरात मी आणि आबा. आबा समोर खुर्चीत, बशीत चहा ओतत बसलेले. आबांचा चहा म्हणजे काय सांगू! बशी तोंडाला लावली की फुर्रर्र असा आवाज येतो, शेजारच्या गुजराती म्हाताऱ्या बा विचारतात, पंक्चर झालं का कुणाचं?

फोनवर बाईंचा आवाज. अगदी मऊ.

"चेतन, आपका पहला निबंध पढकर हमारी पूरी कमिटी रो पडी."

"थँक्यू मॅडम."

"फिर आपका दूसरा आया." त्या म्हणाल्या. "उसमें आपने लिखा है, दादाजी अपने ही शोक में आकर बैठ गए."

"जी मॅडम."

"और फिर उन्होंने आपसे बात की. बाथरूम के दरवाजे के पीछे से."

"जी."

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज.

"चेतन, खाना ठीक से खा रहे हो ना?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. त्यांना वाटत होतं, दुःखानं पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय!

"मॅडम, नाही! वो सच में जिंदा हैं. यहीं बैठे हैं, मेरे सामने. चाय पी रहे हैं."

"अभी?"

"हां, अभी!"

"बेटा," आवाज आणखी मऊ झाला, "घर में और किसी को भी दिखते हैं?"

"सबको दिखते हैं मॅडम!"

"तो किसी और से बात करवा दीजिए."

"अभी और कोई नहीं है घर में. सिर्फ मैं और आबा."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडताना मलाच कसंतरी झालं.

मी फोन स्पीकरवर टाकला, आबांच्या तोंडासमोर धरला. "आबा, बोला! नुसतं हॅलो म्हणा. बाईंना सांगा, तुम्ही आहात."

आबांनी माझ्याकडं बघितलं. फोनकडं बघितलं. बशी उचलली, ओठांना लावली, आणि चहा प्यायले. आवाज न करता. आयुष्यात पहिल्यांदा.

"आबा! बोला ना हो! खोका तरी!"

काही नाही. नुसते बघताहेत. भिंतीवरच्या फोटोतली माणसं बघतात तसं.

तिकडून बाई म्हणाल्या, "चेतन, कोई बात नहीं. जबरदस्ती मत कीजिए उनसे. आपकी सीट हम अगले साल के लिए रख देते हैं. एक साल घरवालों के साथ रहिए. हमारी काउन्सलर आपको हर हफ्ते फोन करेंगी." आणि हळूच, दार लोटावं तसा, फोन बंद झाला.

मी खाली बसलो. आबांनी विचारलं, "काय म्हने बाई?"

"आबा! तुम्ही बोलला का नाहीत? एक वर्ष गेलं माझं!"

आबांनी बशी खाली ठेवली. टोपी सारखी केली.

"तूच लिखी दिधं ना, मी मरी गऊ म्हनीसन? मंग मरेल मानूस बोलस का रे, येड्या?"

आणि कपातला उरलेला चहा बशीत ओतून असा फुर्रर्र केला, असा फुर्रर्र केला, की शेजारच्या बा बाहेर येऊन सायकलीचं चाक दाबून बघायला लागल्या.